तुमच्या वॉर्डात कोणत्या सालचं सीपीआर चालतं?

प्रति,
राज्यातील सरकारी, महापालिका व खाजगी रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक आणि अधिसेविका,
तसेच महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे पदाधिकारी यांस

विषय : परिचारिकांचे सीपीआर प्रशिक्षण दर तीन महिन्यांनी वॉर्डातच घेण्याबाबत व डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा शॉक देणारे मशीन) वापरण्याच्या लेखी परवानगीबाबत

महोदय, महोदया,

वॉर्डात पेशंटचं हृदय थांबतं तेव्हा पलंगाजवळ पहिली पोहोचते ती सिस्टर. डॉक्टर ओपीडीत असतात, थिएटरमध्ये असतात, रात्री दुसऱ्या मजल्यावर असतात. पहिल्या दोन-तीन मिनिटांत जे होईल किंवा होणार नाही, ते तिच्या हातात असतं. म्हणून हे पत्र तिला काय येतं याबद्दल आहे, आणि तिला ते करू दिलं जातं का याबद्दलही.

परिचारिकांना सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन रक्त फिरतं ठेवणं, येत नाही, असं आम्ही म्हणत नाही. येतं. अडचण अशी की प्रत्येकीला वेगवेगळ्या सालचं येतं. 2004 साली जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेल्या सिस्टर 15 दाबांना 2 श्वास देतात. 2008 ची बॅच आधी गालाजवळ कान नेऊन श्वास ऐकते आणि छाती हलते का ते बघत बसते. 2012 ची बॅच ‘मिनिटाला किमान 100’ एवढंच शिकलेली, त्यामुळे 140 च्या वेगाने दाबते. तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीपाशी उभी असलेली चौथी न विचारता ॲट्रोपिनचं इंजेक्शन भरून ठेवते. चौघी आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर असतात आणि एकाच पेशंटवर चार वेगवेगळ्या सालांचं सीपीआर चालू असतं.

बदल का झाले, हे कोणी समजावून सांगत नाही. नुसतं परिपत्रक येतं, म्हणून ते टिकत नाहीत. 2005 मध्ये 15:2 चं 30:2 झालं, कारण छाती दाबायला लागल्यावर हृदयाच्या धमन्यांतला दाब हळूहळू चढतो आणि हात थांबले की लगेच कोसळतो. 15 दाबांत तो जेमतेम चढलेला असायचा, तेवढ्यात श्वासासाठी थांबायचं. त्याच वर्षी लागोपाठ तीन शॉक देण्याची पद्धत जाऊन एक शॉक आणि लगेच कॉम्प्रेशन (छाती दाबणं) असा क्रम आला. 2010 मध्ये आधी छाती, मग श्वासमार्ग, मग श्वास असा क्रम लागला, गालाजवळ कान नेणं बंद झालं आणि मॉनिटरवर सरळ रेषा आल्यावर देण्याचं ॲट्रोपिन यादीतून गेलं. 2015 मध्ये वरची मर्यादा आली : वेग 100 ते 120, खोली 5 सेंटीमीटरच्या खाली नको आणि 6 च्या वर नको. 120 च्या पुढे गेलं की दाब उथळ होतात आणि छातीला वर यायला वेळ मिळत नाही. व्हॅसोप्रेसिन हे औषधही तेव्हाच बाहेर पडलं. 2020 मध्ये शॉकचा उपयोग नसलेल्या रिदममध्ये (हृदयाच्या विद्युत लयीत) ॲड्रेनलिन लवकरात लवकर देण्यावर भर आला, आणि नाडी आहे पण श्वास नाही अशा मुलाला मिनिटाला 20 ते 30 श्वास द्यायचे ठरलं; आधी ते 12 ते 20 होते. ऑक्टोबर 2025 च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत तान्ह्या बाळाची छाती दोन बोटांनी दाबणं काढून टाकलं आहे; आता दोन अंगठे किंवा एका तळहाताची टाच. मोठ्या माणसाच्या घशात घास अडकला तर आधी पाठीत पाच थापा, मग पोटावर पाच दाब, हेही तेव्हाचंच.

आता यातलं किती ज्ञान लेखी परीक्षेत पकडता येतं ते बघा. ‘प्रमाण किती?’ – ‘30:2.’ पूर्ण गुण. पण हात चार सेंटीमीटरच जातायत, हे त्या उत्तरपत्रिकेत दिसत नाही.

हात कुठे चुकतात, ते थोडं सविस्तर लिहितो. पेशंटचा जीव इथेच अडकलेला असतो.

पहिली गोष्ट गादी. फोमच्या गादीवर आपण पाच सेंटीमीटर दाबलं असं वाटतं, पण त्यातला बराच भाग गादीच खाते. पाठीखाली लाकडी किंवा ॲक्रिलिकचा बोर्ड सरकवायचा. तो ट्रॉलीच्या मागच्या बाजूला टांगलेला असतो आणि बहुतेक वेळा तिथेच राहतो. बोर्ड घालण्यासाठीही फार वेळ थांबायचं नाही. पेशंट एकदा कुशीवर, बोर्ड आत, परत सुरू. बेडसोअरचा पेशंट एअर मॅट्रेसवर असेल तर गादीवर बहुधा ‘सीपीआर’ लिहिलेली नॉब किंवा पट्टी असते. ती फिरवली की हवा पटकन निघते. नुसता प्लग काढला तर बराच वेळ हवा तशीच राहते. ही नॉब कुठे आहे, हे एकदा राऊंडला विचारून बघा.

दुसरी उंची. पलंग उंच असला की सिस्टर टाचा उचलून नुसत्या हातांनी दाबतात, अंगाचं वजन खाली जातच नाही. दाबणाऱ्याच्या मांडीपर्यंत पलंग खाली आणायचा किंवा फूटस्टूलवर चढायचं. कोपर सरळ, खांदे हातांच्या बरोबर वर, तळहाताची टाच छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर.

तिसरी मोजणी. वेग बरोबर आहे का ते घड्याळावर असं बघा : 30 दाब 15 ते 18 सेकंदांत व्हायला हवेत. 12 सेकंदांत झाले तर घाई, 20 लागले तर ढिलाई. मराठीत मोठ्याने मोजताना एक गंमत होते. एक ते दहा झरझर जातात, पण एकोणीस, एकवीस, पंचवीस, अठ्ठावीस हे शब्द लांब. जीभ अडखळते आणि हात जिभेच्या मागे जातात. शेवटचे दहा दाब हमखास मंदावतात. त्यापेक्षा एक ते दहा असं तीनदा मोजावं. मोबाईलवर 110 चा मेट्रोनोम लावला तर आणखी चांगलं.

चौथी म्हणजे छातीवर रेलणं. थकल्यावर माणूस दाब सोडताना पूर्ण वर येत नाही. छाती पूर्ण फुलली नाही तर हृदयात रक्त परत भरत नाही, मग पुढचा दाब रिकाम्या पंपावर पडतो. दाबणारा एक-दीड मिनिटात थकतो, आणि ते त्याला स्वतःला कळत नाही. म्हणून ‘मी ठीक आहे’ म्हणणाऱ्यालाही दोन मिनिटांनी बदलायचं. पुढचा माणूस आधीच पलंगाच्या दुसऱ्या बाजूला हात तयार ठेवून उभा हवा. बदलीला पाच सेकंद पुरतात.

आणि सगळ्यात जास्त वेळ जातो तो थांबण्यात. बीपी बघायला थांबले. ईसीजीच्या लीड लावायला थांबले. डॉक्टर आले, ‘काय झालं?’ म्हणाले, सगळे हात वर. श्वासनलिकेत नळी टाकायला अर्धा मिनिट. प्रत्येक थांबा 10 सेकंदांच्या आत असला पाहिजे आणि एकूण वेळेपैकी किमान 60 टक्के, जमलं तर 80 टक्के वेळ छातीवर हात हलते हवेत. नाडी नसलेल्या पेशंटचं बीपी घ्यायला मशीन शोधत धावू नये, हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, पण सांगावं लागतं.

सुरुवात ओळखण्यातही उशीर होतो. पेशंट प्रतिसाद देत नाही, पण मधूनच जबडा हलवून उचकी दिल्यासारखा आचका देतो. नातेवाईक म्हणतात, ‘श्वास चालू आहे की!’ आणि ऑक्सिजन मास्क लावला जातो. ते आचके श्वासात धरायचे नाहीत, ते हृदय थांबल्याचं लक्षण आहे. मानेची नाडी जास्तीत जास्त 10 सेकंद बघायची आणि शंका असेल तर दाबायला सुरुवात करायची. मॉनिटरवर रेषा नीट चालली आहे म्हणून स्वस्थ बसायचं नाही. विद्युत हालचाल असते आणि नाडी नसते, असंही होतं. उलट रेषा सरळ दिसली तर लीड निघाली आहे का, हे एका नजरेत बघून घ्यायचं.

आता आंबू बॅगबद्दल, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीबद्दल. मोठ्यांची बॅग साधारण दीड लिटरची असते. पेशंटला एका श्वासात 500 ते 600 मिली पुरतात. म्हणजे बॅग एका हाताने, एक सेकंदभर, छाती जेमतेम उचलेल इतपत दाबायची. दोन्ही हातांनी पिळली की हवा पोटात जाते, उलटी होते, ती फुप्फुसात उतरते. नळी टाकल्यावर दर सहा सेकंदांना एकच श्वास, कॉम्प्रेशन न थांबवता. घाबरलेला माणूस मिनिटाला 30-40 वेळा बॅग दाबतो. छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि दाबणाऱ्याची सगळी मेहनत वाया जाते. माणसं पुरेशी असतील तर मास्क एकाने दोन्ही हातांनी धरावा, दुसऱ्याने बॅग दाबावी. आणि बॅगला रिझर्व्हॉयर (ऑक्सिजन साठवणारी पिशवी) जोडलेला आहे का, ऑक्सिजनची नळी खरंच फ्लोमीटरला लागली आहे का, तेही बघावं.

आता परवानगीचा मुद्दा. आमच्या मते या पत्रातला हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

व्हीएफमध्ये, म्हणजे हृदय नुसतं थरथरतं आणि रक्त ढकलत नाही तेव्हा, सीपीआर मिळालं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. रुग्णालयात पहिला शॉक दोन मिनिटांच्या आत जावा अशी अपेक्षा आहे. विमानतळावर सामान्य प्रवाशाने एईडी (शॉक लागेल का ते स्वतः ओळखणारा डिफिब्रिलेटर) वापरावा म्हणून पेट्या लावल्या आहेत, आणि वॉर्डात वीस वर्षं काम केलेली अधिपरिचारिका डिफिब्रिलेटरजवळ उभी राहून ‘डॉक्टर येऊ देत’ म्हणते! तिला येत नाही म्हणून ती थांबत नाही. ‘उद्या काही झालं तर तू कोणाला विचारून शॉक दिलास?’ या प्रश्नाला घाबरून थांबते. म्हणून प्रत्येक रुग्णालयाने एका पानाचा स्थायी आदेश काढावा : प्रशिक्षण झालेली परिचारिका कॉम्प्रेशन सुरू करेल, एईडी मोडमध्ये शॉक देईल, रिदम ओळखण्याचं प्रशिक्षण झालं असेल तर मॅन्युअल शॉक देईल आणि ॲड्रेनलिनचा पहिला डोस देईल. खाली अधीक्षकांची सही. हे पान लॅमिनेट करून ट्रॉलीवर लावा.

मशीनवर चुका ठरलेल्या आहेत. मागच्या पेशंटच्या कार्डिओव्हर्जनला (ठोक्यांशी जुळवून दिलेल्या शॉकला) लावलेलं ‘सिंक’ बटण तसंच राहतं. व्हीएफमध्ये मशीन ज्या लाटेची वाट बघतं ती येतच नाही आणि शॉक सुटत नाही. मग ‘मशीन बिघडलंय’ म्हणून दुसरं आणायला माणूस धावतो. बायफेजिक (विजेचा झोत दोन्ही दिशांनी देणाऱ्या) मशीनचे ज्यूल कंपनीप्रमाणे 120 ते 200. तुमच्या मशीनचा आकडा मार्करने मशीनवरच लिहून ठेवा, माहीत नसेल तर सर्वात जास्त निवडा. जुनं मोनोफेजिक असेल तर 360. मुलांना पहिला शॉक किलोला 2 ज्यूल, दुसरा 4. चार्ज होत असताना कॉम्प्रेशन चालू ठेवायचं, फक्त शॉकच्या क्षणी हात काढायचे. पॅडलला जेल लावायची, अल्ट्रासाऊंडची नव्हे. ऑक्सिजनचा मास्क काढून उशीवर ठेवू नका, तो छातीपासून किमान मीटरभर लांब न्या. शॉकनंतर मॉनिटरकडे बघत उभं राहायचं नाही. लगेच छातीवर हात आणि पूर्ण दोन मिनिटं.

औषधं त्यामानाने सोपी आहेत. आपल्याकडे ॲड्रेनलिनचा ॲम्प्यूल 1 मिलीचा, 1 मिलिग्रॅमचा. मोठ्यांना तो पूर्ण, दर 3 ते 5 मिनिटांनी, मागून 20 मिली सलाईन आणि हात वर उचलून धरायचा. नाहीतर औषध कोपरातच राहतं. मुलांसाठी एक ॲम्प्यूल आणि 9 मिली सलाईन, त्यातलं किलोला 0.1 मिली. शॉकने न थांबणाऱ्या व्हीएफला अमिओडॅरोन 300 मिलिग्रॅम, म्हणजे 150 चे दोन ॲम्प्यूल. नंतर गरज पडली तर एक. सोडाबायकार्ब आणि कॅल्शियम सरसकट नाही. पोटॅशियम वाढलेल्या डायलिसिसच्या पेशंटसारखं कारण असेल तरच. ॲट्रोपिन ट्रॉलीतून काढू नका, ते मंद नाडीसाठी लागतं आणि त्याचा डोसही 2020 पासून 0.5 ऐवजी 1 मिलिग्रॅम झाला आहे. नॉरॲड्रेनलिन मात्र ॲड्रेनलिनच्या शेजारच्या कप्प्यात ठेवू नका. घाईत दोन्हींची नावं आणि काचा सारख्याच दिसतात. रिकामे ॲम्प्यूल किडनी ट्रेमध्ये जमा करा. शेवटी नोंदीशी मेळ तिथेच बसतो.

बाळंतपणाच्या वॉर्डाला वेगळं सांगावं लागतं. गर्भाशय बेंबीपर्यंत किंवा वर आलेलं असेल तर एकाने ते दोन्ही हातांनी डावीकडे ढकलून धरायचं. अख्खा पेशंट तिरका केला तर कॉम्प्रेशन नीट होत नाही. आयव्ही हातात, पायात नाही. पाच मिनिटांत बाळ बाहेर काढण्याची तयारी पहिल्या मिनिटापासून करायची, कारण त्यात आईचंही रक्ताभिसरण सुधारतं. नवजात बाळाचं गणित मात्र उलटं आहे. तिथे आधी श्वास. पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्क, छाती हलवणारे श्वास 30 सेकंद देऊनही ठोके 60 च्या खाली असतील तरच छाती, आणि तीही 3 दाबांना 1 श्वास. नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे लेबर रूमच्या सिस्टरना हे इतरांपेक्षा चांगलं येतं, हे मान्य करायला हवं. तिथे सरावाची बाहुली (मॅनिकिन) हाताशी असते, सराव होतो. फरक एवढाच.

ट्रॉलीबद्दल थोडक्यात : नंबर असलेलं सील, सील तुटलं की त्याच पाळीत भरून पुन्हा सील, लॅरिंगोस्कोपचा (घशात बघण्याच्या उपकरणाचा) दिवा रोज लावून बघणं, डिफिब्रिलेटर कायम चार्जिंगला, रोजची चाचणी आणि तिचा छापील कागद वहीत, पॅडची मुदत, आणि ऑक्सिजन सिलिंडरची चावी दोरीने सिलिंडरलाच बांधलेली. ही चावी हरवण्यात किती मिनिटं जातात, याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

एक अवघड विषयही काढतो. ज्याला सीपीआर देऊन उपयोग नाही हे सगळ्यांना माहीत आहे, त्या पेशंटवर नातेवाइकांना दिसावं म्हणून पाच मिनिटं हळूहळू छाती दाबली जाते. त्या वेळी सिस्टरच्या हाताला चुकीची सवय लागते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने (आयसीएमआर) 2020 मध्ये सीपीआर न देण्याच्या निर्णयाबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. निर्णय डॉक्टरांनी घ्यावा, नातेवाइकांशी बोलून घ्यावा आणि केसपेपरवर लिहावा. तोंडी ‘बघून घ्या’ चालणार नाही. लिहिलेलं नसेल तर पूर्ण सीपीआर, मन लावून.

आता मागण्या. वर्षातून एकदा सभागृहात शंभर सिस्टर, एक प्रोजेक्टर, एक बाहुली आणि शेवटी समोसा-चहा; या कार्यशाळा बंद केल्या तरी आमची तक्रार नाही. दोन वर्षांच्या प्रमाणपत्राचा कागद दोन वर्षं टिकतो, हात तीन ते सहा महिन्यांतच विसरायला लागतात. त्याऐवजी बाहुली वॉर्डात आणा. दर तीन महिन्यांनी प्रत्येकीला ड्युटीतच दहा मिनिटं : दोन मिनिटं कॉम्प्रेशन, बॅगचे दहा श्वास, डिफिब्रिलेटर चालू करून एक शॉक. खोली दाखवणारी बाहुली असेल तर उत्तम. नसेल तर क्लिक वाजणारी साधीही चालेल. पाठ्यनिर्देशक कमी पडत असतील तर प्रत्येक वॉर्डातली एक परिसेविका (वॉर्डाची प्रमुख सिस्टर) तयार करा. रात्रपाळीला वगळू नका, तिथे एकटी सिस्टर असते. म्हणूनच वॉर्डातल्या मामा आणि मावशींनाही (वॉर्डबॉय व आयांनाही) छाती दाबायला शिकवा. दोन मिनिटांनी बदली म्हटलं तर दुसरी जोडी हातांची येणार कुठून?

प्रत्येक कोड ब्लूनंतर (हृदय थांबल्याच्या आणीबाणीनंतर) चार गोष्टींच्या वेळा लिहा : पेशंट कोसळलेला दिसला कधी, पहिला दाब कधी, पहिला शॉक कधी, पहिलं ॲड्रेनलिन कधी. मग दहा मिनिटं बसून बोला, मेमो न देता. एनएबीएच (रुग्णालयांची राष्ट्रीय गुणवत्ता संस्था) मानांकन असलेल्या रुग्णालयांना हे विश्लेषण करावंच लागतं. बाकीच्यांना कोणी अडवलेलं नाही. श्वासांचा दरही खरा मोजून लिहायला लावा. पेशंट कोसळण्याच्या काही तास आधी तो बहुधा वाढलेला असतो, आणि आपल्या चार्टवर मात्र अख्ख्या वॉर्डाचा दर 20 असतो.

नर्सिंग कौन्सिलकडे एकच विनंती. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी जे क्रेडिट तास लागतात, त्यातले काही तास प्रत्यक्ष बाहुलीवरच्या सीपीआरसाठी राखून ठेवा, आणि त्या नोंदीत कोणत्या सालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शिकवलं ते साल लिहायला लावा. नवीन बी.एस्सी. अभ्यासक्रमात बीएलएस (जीव वाचवण्याचे प्राथमिक उपाय) आलं आहे, ते चांगलंच. पण आज वॉर्ड चालवतायत त्या जुन्या बॅचच्या सिस्टर.

स्थायी आदेशाचा मसुदा, दहा मिनिटांच्या सरावाचा तक्ता आणि कोडच्या नोंदीचं एक पान आमच्याकडे मराठीत तयार आहे. ज्या रुग्णालयाला हवं असेल त्यांना विनामूल्य देऊ, शिकवायलाही येऊ. सकाळी सात ते आठ, पाळी बदलताना वेळ दिलात तर दोन्ही पाळ्या एकदमच होतील.

आपले,
सीपीआर शिकवणारे काही पाठ्यनिर्देशक, परिसेविका आणि भूलतज्ज्ञ